कोणती जुनी वास्तुशैली परत यावी? माझं उत्तर: चौकाचा वाडा

प्रश्न असा आहे: जुन्या काळातल्या वास्तुशैलींपैकी आज पुन्हा आणण्यासारखी कोणती, आणि का? मी वास्तुविशारद आहे. जुन्या इमारतींची दुरुस्ती हे माझं रोजचं काम, आणि जोडीला नवी घरंही बांधतो. माझं उत्तर ठाम आहे: देशावरचा चौकाचा वाडा, म्हणजे मध्ये उघडं अंगण आणि भोवती खोल्या असलेलं घर. पुणे, वाई, सातारा, नाशिक, सोलापूर या पट्ट्यात अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात बांधला गेला तो.

वाडा म्हटलं की डोळ्यांपुढे येतात कोरीव महिरपी, पितळी कड्या आणि दिंडी दरवाजा. त्यांची नक्कल आजही भरपूर होते. रिसॉर्टच्या, मंगल कार्यालयाच्या तोंडावर फायबरच्या महिरपी बसवतात आणि मागे काँक्रीटची बंद खोली, एसी लावून. मला वाड्याचा नकाशा परत हवा आहे. मोकळी जागा घराच्या पोटात ठेवायची, खणाच्या, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतराच्या, मापाने घर आखायचं आणि बांधकाम असं करायचं की नातवालाही ते उकलून दुरुस्त करता येईल.

आधी चौकाबद्दल, कारण सगळं त्यावर उभं आहे. मोठ्या वाड्यात दिंडी दरवाजातून देवडी (पहारेकऱ्यांची जागा), मग पहिला चौक आणि त्याभोवती सोपा (ओसरी) व सदर (बैठकीची जागा). दुसऱ्या चौकाभोवती माजघर, देवघर, स्वयंपाकघर. मागे विहीर, गोठा, परसू. बेताच्या घराला एकच चौक. देशावर याचा उपयोग का होतो ते हवामान सांगतं. एप्रिलमध्ये पुण्यात दुपारी पारा ३८ अंशांच्या आसपास जातो आणि पहाटे २० च्या आसपास उतरतो. रात्री चौकाच्या फरशीतून, भिंतींतून उष्णता वर आभाळाकडे निघून जाते, गार हवा जड म्हणून खाली चौकात साचते आणि ओसरीतून खोल्यांत शिरते. सकाळी ऊन तळाशी पोचायला वेळ लागतो, कारण चौक रुंदीच्या मानाने खोल असतो. भोवतीच्या भिंती जाड, त्यामुळे बाहेरचा ताप आत यायला संध्याकाळ होते, आणि तोवर हवा उतरलेली असते. यात कसलंही यंत्र नाही. चौक फार रुंद केला किंवा त्यावर पॉलिकार्बोनेटचा पत्रा टाकला की हे सगळं थांबतं. पत्रा टाकलेला चौक दुपारी भट्टी होतो, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे.

मग आज चौक का बांधत नाहीत? जागा परवडत नाही, असं लोक म्हणतात. हे खरं नाही, आणि ते आकड्यांनीच दाखवतो.

समजा १२ मीटर रुंद आणि १८ मीटर खोल भूखंड आहे, म्हणजे २१६ चौरस मीटर. उदाहरणादाखल समोर ३ मीटर आणि बाकी तिन्ही बाजूंना दीड मीटर सामासिक अंतर, म्हणजे घराभोवती नियमाने मोकळी सोडायची जागा, धरू. बांधायला उरतात ९ गुणिले १३.५, म्हणजे १२१.५ चौरस मीटर. मोकळे राहतात ९४.५. एवढी जागा आपण आजही सोडतोच! पण ती कुठे जाते? समोर गाडी लागते. बाजूच्या आणि मागच्या दीड मीटरच्या बोळात ड्रेनेजच्या झाकणांवर एसीची बाहेरची यंत्रं आणि भंगार. शेजाऱ्याची खिडकी तीन मीटरवर, म्हणून आपली खिडकी कायम पडद्याआड.

आता तेच १२१.५ चौरस मीटर वेगळे मांडू. बाजूच्या भिंती शेजाऱ्याला लागून, सामाईक. समोर २ मीटर सोडले, मागे २ मीटर सोडले. त्यात ४८ चौरस मीटर गेले. उरलेले ४६.५ चौरस मीटर मध्ये घेतले की सहा मीटर रुंद आणि पावणेआठ मीटर लांब चौक मिळतो. त्याच्या चारही बाजूंना साधारण तीन-तीन मीटर खोल खोल्या. बांधकाम तेवढंच, मोकळी जागा तेवढीच. फरक इतकाच की घरातली एकही खोली आता उजेड-वाऱ्यावाचून नाही आणि मोकळी जागा घरच्या माणसांच्या वापरात आहे. दोन मजले चढवले तरी चौकाची उंची रुंदीच्या बरोबरीने राहते, म्हणजे सावली पुरते.

अडचण नियमांच्या मांडणीत आहे. सामासिक अंतराची कल्पना बंगल्यासाठी आहे: मध्ये घर, भोवती बाग. मोठ्या भूखंडावर ती ठीक. छोट्या भूखंडावर तिने बागही मिळत नाही आणि घरही अंधारतं. रो-हाउस म्हणून मंजूर होणाऱ्या रचनेत बाजूची भिंत सामाईक ठेवता येते, म्हणून मी नव्या लेआउटमध्ये मालकांना हाच मार्ग सुचवतो. एकेकट्या भूखंडावर मात्र नियम आडवे येतात. नगररचनेच्या नियमांत एक सोय व्हावी असं मला मनापासून वाटतं: बाजूचं अंतर चौकात वळतं करण्याची मुभा, शेजाऱ्यांची संमती आणि अग्निशमनाच्या अटी सांभाळून.

हे जुन्या श्रीमंतांपुरतं आहे असं म्हणणाऱ्यांनी सीबीडी बेलापूरचं आर्टिस्ट्स व्हिलेज बघावं. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात नवी मुंबईत केलेली ही वसाहत. सात घरं आणि मध्ये साधारण आठ मीटर लांब-रुंद चौक. असे तीन गट मिळून एकवीस घरांना एक मोठा चौक. घरं एकमजली-दुमजली, वाढवता येतील अशी, वेगवेगळ्या उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी. पुढे लोकांनी बहुतेक घरं बदलली, काही पाडून नवी बांधली. चौक मात्र बऱ्याच ठिकाणी तग धरून आहेत, कारण ते सात कुटुंबांच्या रोजच्या उपयोगाचे आहेत.

दुसरी गोष्ट खणाची. वाड्याचं घर खणात मोजत. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण, साधारण पाच फुटांच्या आसपास. सोपा पाच खणी, माजघर तीन खणी, असा हिशेब. खांबावर तुळई, म्हणजे मुख्य आडवं लाकूड; तुळईवर कड्या, म्हणजे बारीक आडवी लाकडं; कड्यांवर पाट, म्हणजे फळ्या. हे माप लाकडाच्या ताकदीतून आलं आहे, त्यामुळे सुतार, गवंडी आणि मालक तिघांना एकाच मापात बोलता येई. घर वाढवायचं तर खण वाढवायचा. खोलीची भिंत काढायची तर भार चौकटीवर असल्याने काढता येई. आज एखाद्या फ्लॅटमध्ये भिंत हलवायची म्हटलं तर आधी कॉलम-बीमचं चित्र शोधावं लागतं, आणि ते मिळालं तरी खोल्या कॉलमशी जुळत नसतात.

कधी वाई-मेणवलीला गेलात, तर नाना फडणवीसांच्या वाड्यात खांबाच्या पायाशी खाली बसून बघा. पुण्यात विश्रामबागवाड्याच्या दर्शनी सज्ज्याचे सुरूच्या आकाराचे खांब सगळे वर मान करून बघतात. मी खाली बघायला सांगतो. लाकडी खांब थेट जमिनीत गाडलेला नसतो. तो तळखड्यावर, म्हणजे घडीव दगडी बैठकीवर उभा असतो. जमिनीतली ओल दगडात चढते आणि तिथेच थांबते. लाकडाचे उभे तंतू ओलीला लागत नाहीत. वाळवीला वर चढायचं तर दगडावरून उघड्यावर यावं लागतं आणि घरच्या बाईच्या केरसुणीला ती सापडते. आणि इतकं करूनही पाया कुजलाच तर सुतार तुळईला टेकू देतो, कुजलेला दीड-दोन फुटांचा तुकडा कापतो आणि नवा सांधतो. बाकीचा खांब तसाच. काँक्रीटच्या खांबात सळई गंजली की तिच्यावरचा काँक्रीटचा थर (कव्हर) फुटतो, खांबाभोवती नवा थर चढवावा लागतो (जॅकेटिंग), आणि ते करूनही आतला गंज किती थांबला ते दिसत नाही. लाकडी चौकटीत रोग दिसतो आणि तेवढाच भाग बदलता येतो. मी ज्याला दुरुस्त होणारं बांधकाम म्हणतो ते हे.

आता चुना. याच विषयावर माझे मालकांशी सर्वांत जास्त वाद होतात.

पेठांमधल्या एखाद्या जुन्या वाड्याच्या तळमजल्याची भिंत निरखून पाहा. मूळ भिंत विटांची, विटांमधला मसाला चुन्याचा किंवा मातीचा, वर चुन्याचा गिलावा. जमिनीतून ओल थोडी चढायची आणि गिलाव्यातून सुकून जायची. मग कधीतरी खालचा फूट-दोन फूट गिलावा सुटला. मालकाने सिमेंटचा गिलावा मारून घेतला, कमरेपर्यंत. ओल आता आत कोंडली. ती वर चढली आणि सिमेंट जिथे संपतं त्याच्या वर बाहेर पडली. तिथे लोणा लागला, पांढरी बुरशीसारखी भुकटी, रंगाचे पापुद्रे. मालकाने सिमेंट छातीपर्यंत नेलं. ओल डोक्यापर्यंत गेली. त्यावर ऑइल पेंट मारला की भिंतीचा श्वासच बंद. या सगळ्यात खरं नुकसान गिलाव्याचं होत नाही. भिंतीत गाडलेले लाकडी खांब असतात; ते आता बारा महिने ओल्यात उभे राहतात. बोटाच्या पेराने ठोकलं तर टणक आवाजाऐवजी भद्द आवाज येतो. काही वर्षांनी मजला एका कोपऱ्यात खचतो, इमारत धोकादायक ठरते आणि लोक म्हणतात, ‘वाडा जुना झाला होता.’ वाडा म्हातारपणाने गेला नाही, सिमेंटच्या गिलाव्याने गेला.

चुना कमी ताकदीचा असतो हे खरं, पण दुमजली घराच्या भिंतीला सिमेंटची ताकद लागतच नाही. त्या भिंतीला थोडी हलण्याची मुभा आणि ओल सोडण्याची सोय लागते. चुना भाजायला साधारण ९०० अंश सेल्सिअस पुरतात, सिमेंटच्या क्लिंकरला, म्हणजे दळण्याआधीच्या भाजलेल्या गोळ्यांना, १४५० च्या आसपास लागतात. शिवाय साधा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड परत ओढून घेऊन घट्ट होतो. देशावर काळ्या मातीखाली सापडणाऱ्या चुनखडीच्या खड्यांत मातीचा अंश असतो, म्हणून त्यांचा चुना ओलीतही घट्ट होतो. शनिवारवाड्याला जेजुरीचा चुना, चिंचवडचा दगड आणि जुन्नरच्या जंगलातलं सागवान वापरलं, अशी माहिती सगळीकडे दिली जाते. १७३० मध्ये पायाभरणी आणि १७३२ मध्ये वास्तुशांत झालेल्या एवढ्या मोठ्या कामाचा माल शंभरेक किलोमीटरच्या आतला होता! अभियंत्यांना पटवायचं तर भारतीय मानकात बांधकामाच्या चुन्यासाठी आयएस ७१२ आहे, त्यात चुन्याचे वर्ग दिलेले आहेत. कोणता वर्ग विटांमधल्या मसाल्याला आणि कोणता गिलाव्याला हे त्यावरून ठरवता येतं.

गूळ, बेलफळाचा गर, मेथी, हिरडा घालून केलेला चुना लोकांना फार भुरळ घालतो. या गोष्टींचा उपयोग आहे, पण अंदाजाने घालू नका. प्रमाण चुकलं तर गिलावा तडकतो किंवा बुरशी धरतो. चांगला विझवलेला, चाळलेला, पाण्याखाली मुरवलेला चुना आणि धुतलेली, चाळलेली वाळू यावर निम्मं काम होतं. आधी तीन फूट बाय तीन फुटांचे नमुने भिंतीवर मारा, महिनाभर थांबा, मग ठरवा.

इथे दोन कटू गोष्टी सांगितल्या पाहिजेत, नाहीतर हे उत्तर अप्रामाणिक होईल.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद भागात हजारो माणसं आपल्याच घरांखाली गेली. ती घरं पारंपरिकच होती. गोलसर दगड मातीत रचलेली जाड भिंत, आतली आणि बाहेरची अशा दोन पदरांची, आणि दोन पदरांना जोडणारा आरपार दगड नाही. हादऱ्याने पदर सुटे झाले. वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. दरवर्षी गळतीवर नवी माती चढत गेलेली; फूटभर माती म्हणजे चौरस मीटरला अर्धा टन वजन. जिथे खणांची लाकडी चौकट नीट सांधलेली होती, तिथे भिंती बाहेर ढासळूनही काही घरांची छपरं खांबांवर उभी राहिली. म्हणजे परंपरेतला कोणता भाग माणसं वाचवतो आणि कोणता मारतो हे त्या एका पहाटेने दाखवलं. त्याच वर्षी आलेल्या आयएस १३८२८ मध्ये अशा दगड-विटांच्या घरांसाठी आरपार दगड, कोपऱ्यांची बांधणी, दरवाजा-खिडकीच्या वर आणि छताखाली सलग पट्टा यांचे स्पष्ट नियम आहेत. नवा वाडा बांधताना ते पाळलेच पाहिजेत. मातीचं जड माळवद मी कुणालाही सुचवत नाही.

दुसरी गोष्ट १२ जुलै १९६१ ची. पानशेतचं धरण फुटलं आणि पुण्यात नदीकाठच्या पेठांमधले वाडे धडाधड कोसळले. दगडी जोत्यावर मातीच्या विटा, मसालाही मातीचाच; पाण्यात त्या विरघळल्या. पूररेषेजवळ मातीचं बांधकाम नको, इतका साधा धडा. आगीचंही तसंच. शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला तेव्हा लाकडाचं सगळं गेलं, दगड-विटांचा तट उरला. आजच्या घरात जिना आणि स्वयंपाकघर विटांच्या भिंतींत ठेवा आणि वीज उघड्या पाइपांतून न्या, लाकडाच्या खाचांतून नको.

वाड्याच्या नकाशात एक सामाजिक उतरंडही कोरलेली होती. कोण देवडीपर्यंत, कोण सदरेपर्यंत, कोण माजघरात, हे जातीवरून ठरे. बायकांचा दिवस मागच्या चौकात जाई. ते परत आणायचं नाही. चौक परत आणायचा तो बेलापूरसारखा, सगळ्यांच्या दारांना सारखाच लागणारा.

लाकडाचं काय, हा पुढचा प्रश्न असतोच. नवं जंगली सागवान आज परवडत नाही आणि ते तोडूही नये. पाडलेल्या वाड्यांचं लाकूड बाजारात येतं, तेही बहुधा इंटिरियरच्या सजावटीसाठी जातं. ते खरोखर भार घेणाऱ्या जागी वापरावं. नाहीतर खणाचं माप ठेवून लोखंडी सेक्शन वापरा आणि त्यावर जॅक आर्च, म्हणजे विटांच्या उथळ कमानींचं छत, करा. किंवा फिलर स्लॅब. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात आयुष्यभर वापरलेली ही पद्धत: स्लॅबच्या खालच्या भागात ताण सळया घेतात, तिथलं काँक्रीट फारसं काम करत नाही, म्हणून तिथे कौलं भरायची. काँक्रीट वाचतं, वजन घटतं आणि खालून छत सुंदर दिसतं.

कोकणात मात्र हे नेऊ नका. पुण्याला वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस, रत्नागिरीला तीन हजारांच्या वर. वर हिशेबलेल्या आपल्या ४६.५ चौरस मीटरच्या चौकात पुण्यात वर्षाला बत्तीस हजार लिटर पाणी पडेल. ते टाकीत किंवा बोअरमध्ये उतरवलं की कमाईच. रत्नागिरीत त्याच चौकात चार महिने ओल राहील. तिथे जांभ्याचा चिरा, उतरतं कौलारू छप्पर आणि चहूबाजूंची पडवी हेच बरोबर. गोव्यातल्या जुन्या घरांत राजांगण, म्हणजे मधलं उघडं अंगण, आहे खरं, पण भोवती खोल उतरती छपरं आहेत आणि ओसरीवर पाऊस येणार नाही याची काळजी घेतलेली आहे. तो अभ्यास केल्याशिवाय नुसतं राजांगण उचलू नये.

हेमाडपंती शैलीबद्दल नेहमी विचारणा होते. सिन्नरच्या गोंदेश्वराच्या देवळाकडे बघून कुणाला तसं बांधावंसं वाटणार नाही? पण ती दगडावर दगड तोलून, चुन्याशिवाय उभी राहिलेली रचना आहे. काँक्रीटच्या सांगाड्यावर दगडाच्या पातळ लाद्या चिकटवून ती येत नाही. तो पैसा गावातली बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, साफ करण्यात घातला तर मला जास्त आनंद होईल. माझं दुसरं मत मुंबईच्या १९३०-४० मधल्या दादर-माटुंगा-शिवाजी पार्कच्या तीन मजली इमारतींना आहे: खिडक्यांवर रुंद छज्जे, दारांवर झरोके, उजेडाचा जिना. आजच्या सोसायटीत ते उद्या सकाळी करता येण्यासारखं आहे.

तुमच्याकडे जुना वाडा असेल तर पाडण्याआधी एक करा. तळमजल्याचा सिमेंटचा गिलावा खरवडून काढा, भिंत एक उन्हाळा सुकू द्या आणि मग जाणत्या माणसाकडून खांबांची तपासणी करून घ्या. बऱ्याच वेळा कुजलेल्या खांबांची संख्या भीतीपेक्षा कमी निघते. भाडेनियंत्रणामुळे १९४७ नंतर मालकाला भाड्यातून दुरुस्तीचा खर्च निघेनासा झाला, भाडेकरूने ती केली नाही, आणि दोघांच्या मध्ये वाडे खचले. असं भांडण असेल तर दुरुस्तीचा खर्च कोण किती देणार हे लेखी ठरवूनच कामाला हात घाला.

चुन्याचं काम ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी या काळात घ्या. पावसात चुना सुकत नाही आणि एप्रिल-मेच्या उन्हात इतका भराभर सुकतो की तडकतो. गिलावा मारल्यावर किमान दोन आठवडे ओल्या गोणपाटाने झाकून ठेवा आणि पाणी फवाऱ्याने द्या, पाइपने नको. गवंड्याला चौरस फुटाच्या दराने काम देऊ नका, रोजावर ठेवा. पहिला थर पुरता आवळल्याशिवाय दुसरा चढवायचा नसतो, आणि फुटाचा दर ठरलेला माणूस तेवढा थांबत नाही.